व्हिसावरचं गाव

आमच्या ह्यांना जगाचा नकाशा तोंडपाठ आहे. कोणाची सरहद्द कुठं लागते, कोण कोणाला विमानं विकतं, कुठल्या खिंडीतून कुठला रस्ता जातो, सगळं बसल्या जागी सांगतील. सकाळी पोह्यांची बशी पुढ्यात आली की ती बशी म्हणजे आशिया. शेवेची चिमूट टाकली तो रशिया, कांदा सारला तो चीन, आणि लिंबाची फोड मधोमध ठेवली की ते आपण. अमेरिका कुठं, तर अमेरिका म्हणजे चमचा. तो कुठूनही येतो. पंचवीस वर्षं मी हे पोहे करते आहे आणि पंचवीस वर्षं ते गार होताना बघते आहे.

आणि ह्या माणसाला आपण स्वतः कुठं राहतो ते एका कागदावर धड लिहिता आलं नाही! सांगते ना. सगळं ऐका आणि मग मला म्हणा, सुमंगला, तू उगाच चिडतेस.

माझं माहेर देवासचं, सासरही देवासचं. पण सासरी हे कोणी कबूल करायचं नाही. आमचे हे, जगदेवराव, देवासच्या एका कारखान्यात फोरमन. रेशनकार्ड देवासचं, मत देवासला, पोरं देवासच्या शाळेत हिंदीतून शिकली, नवस बोलायचा तर टेकरीवरच्या देवीला. तरी कोणी विचारलं, "भिया, कहां के?" की छाती पुढं काढून, "धार के." का, तर ह्यांचे आजोबा धारच्या दरबारात पागेवर होते. पागेवर म्हणजे सरदार नव्हेत हो, घोड्यांना चंदी घालायचे. माझे सासरे बहात्तर साली नोकरीपायी देवासला आले, ते आपले 'तात्पुरते' आले. त्यांनी इथं घर बांधलं, त्यावर माडी चढली, सासरे जाऊनही दहा वर्षं झाली, तरी आम्ही तात्पुरतेच. लग्नाच्या पत्रिकेवर धार. घरातली महत्त्वाची पत्रं यायची तीही धारला, यशवंतरावांच्या पत्त्यावर. यशवंतराव म्हणजे माझे चुलतदीर, ते तिथंच राहिले. देवासचा पत्ता द्यायचा म्हणजे ह्यांना कमीपणा वाटायचा.

त्या पत्रांत कराचीची पत्रं असायची. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीसुद्धा. अक्कांचं माहेर कराचीचं. दचकू नका, कराचीत तेव्हा पुष्कळ मराठी घरं होती, थोडी आजही आहेत. अक्कांचे वडील तिथल्या बंदरावर नोकरीला. सेहेचाळीस साली अक्का लग्न होऊन आगबोटीनं निघाल्या त्या धारला आल्या. पुढच्याच वर्षी मधे रेघ ओढली गेली. वडील म्हणाले, आपण दर्यावरची माणसं, रेघ काय आज आहे उद्या नाही. ते तिथंच राहिले, आणि अक्कांची धाकटी बहीण बकुळा तिथंच वाढली, तिथंच एका मराठी घरात दिली गेली. अक्का निघाल्या तेव्हा बकुळा सहा वर्षांची होती.

मग पंचावन्न वर्षं ह्या दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या नाहीत. प्रयत्न केले नाहीत असं नाही. पासष्ट साली सासऱ्यांनी अर्ज लिहून तयार केला आणि सप्टेंबरात लढाई लागली. एकाहत्तर साली तिकडं अक्कांची आई आजारी पडली, अक्कांनी निघायचं म्हटलं, पुन्हा लढाई. नव्याण्णव साली लाहोरला बस सुरू झाली, टीव्हीवर हारतुरे दाखवले, अक्कांनी पेटीतली साडी काढून उन्हात टाकली. मे महिन्यात कारगिल. ती साडी अक्कांनी घडी करून परत पेटीत ठेवली आणि त्यानंतर आठ दिवस त्या टीव्हीच्या खोलीत आल्या नाहीत.

आमच्या ओट्यावर मात्र दर रविवारी ह्यांची लष्करी बैठक. कारखान्यातले तिघं-चौघं येणार, त्यात हाटपिपल्याचे तुकोजीराव ठरलेले. "भिया, अब तो आर-पार होना चाहिए," असं तुकोजीराव म्हणाले की आमचे हे मान डोलावून लाहोर घ्यायला निघालेच. लाहोर पडायचं, मग रावळपिंडी पडायची, मग मी चहा घेऊन जायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, "कराची घ्याल तेव्हा जरा जपून, तिथं तुमची मावशी राहते." सगळे हसले. हे पण हसले. मला नव्हतं हसायचं.

आता दोन हजार एक साल. जुलैत आग्र्याला बोलणी झाली. बोलणी फिसकटली, पण नातेवाइकांना व्हिसे जरा सैल करणार अशी बातमी आली. त्या वेळी अक्का पंच्याहत्तरच्या होत्या. कान जवळजवळ गेलेले. फोन लावून दिला तर त्या रिसीव्हर कानाशी नुसता धरून बसत, पलीकडून बकुळामावशी ओरडते आहे आणि ह्या म्हणताहेत, "काही ऐकू येत नाही गं, पण बोल, बोल तू." शेवटी मी मधे बसून ऐकायचं आणि अक्कांना पाटीवर खडूनं लिहून दाखवायचं. अशी भेट! मी ह्यांना म्हटलं, आता अक्कांनी जाणं काही होत नाही, मावशींना इकडं बोलवा. मावशींच्या मुलाला व्हिशासाठी कराचीहून इस्लामाबादेला जावं लागणार होतं, हेलपाटे होते, पण तो तयार झाला. आपल्याकडून एकच कागद हवा होता. आम्ही ह्या बाईंना बोलावतो आहोत, त्या आमच्याकडे अमुक गावी राहतील, असं लिहून सही-शिक्क्यानिशी पाठवायचं.

ऑगस्टात ह्यांनी तो कागद पाठवला. मी विचारलं, "नीट लिहिलंत ना?" तर म्हणाले, "अगं, हे आंतरराष्ट्रीय काम आहे, तुला कळायचं नाही."

सप्टेंबरात अमेरिकेत त्या दोन इमारती पडल्या आणि जगाचा पोहा ढवळला गेला. कालपर्यंत अमेरिका पाकिस्तानवर रुसलेली, ती एका रात्रीत त्यांच्या गळ्यात पडली, कारण तिला त्यांच्या जमिनीवरून विमानं उडवायची होती. आपण म्हणतोय, अहो आमच्याकडे बघा. चीन आपला कोपऱ्यात बसून दोघांना जोखतोय. आमचे हे रोज बशीत नवीन फोड मांडताहेत आणि तिकडं मावशींचा अर्ज टेबलावर पडून. त्यात दसऱ्याच्या सुमारास अक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही. पडून राहायचं, हलवायचं नाही. किती दिवस, ते ते बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. अक्का मला एवढंच म्हणाल्या, "सुमे, बकुळी येईपर्यंत मला धर हो."

नोव्हेंबरात कराचीहून फोन आला, व्हिसा मिळाला. मी देवीला नारळ फोडून आले.

डिसेंबरच्या नऊ तारखेला मावशी आल्या. वाघ्याची सरहद्द, मग अटारीची गाडी, दिल्ली, इंदूर. सोबत म्हणून दिल्लीहून यशवंतरावांनी त्यांना आणलं ते सरळ धारला, कारण चोवीस तासांत पोलिसांत नोंद करायची होती आणि ती म्हणे धारलाच करायची होती. मी आणि हे धारला गेलो. मावशी म्हणजे एवढीशी बाई, जाड भिंगाचा चष्मा, अंगावर साडी आणि साडीवरून चादर. आणि मराठी कसलं शुद्ध! माझ्या पोरांना 'अडुसष्ट' म्हटलं की कळत नाही, आणि ही कराचीची बाई मला विचारते, "सूनबाई, अक्कानं माझ्या वाटेकडे डोळे लावले असतील, नव्हे?" मधेच 'मेहरबानी' म्हणायच्या, मधेच 'शहर' ऐवजी 'शहेर', पण बाकी सगळं माझ्या आजीसारखं.

बसल्या बसल्या त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अक्का लग्न होऊन निघाल्या त्या सकाळी ह्या झोपेत होत्या. उठवलं तर रडून गोंधळ घालेल म्हणून कोणी उठवलं नाही. "जागी झाले तर पलंगावर अक्काची जागा गार," मावशी म्हणाल्या. "मी तिला विचारणार आहे. एवढंच विचारायला आले म्हण ना. मला उठवलं का नाहीस."

आम्ही नोंदणीला गेलो. कचेरीतला बाबू चांगला होता, त्यानं मावशींना खुर्ची दिली. कागद बघितले, शिक्का मारला. मी उठत म्हटलं, "चलो, अब देवास." बाबूनं वर बघितलं.

"देवास नहीं जा सकतीं, बहनजी. वीज़ा में सिर्फ धार लिखा है."

म्हणजे काय ते मला कळेचना. त्यानं समजावून सांगितलं. पाकिस्तानच्या माणसाचा व्हिसा देशाचा नसतो, गावाचा असतो. ज्या गावाचं नाव लिहिलं तिथंच राहायचं, त्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की गुन्हा. परत जाताना ठरलेल्या रस्त्यानं जायचं, मधे कुठं उतरायचं नाही. "हमने नहीं लिखा, जो उधर से मांगा गया वही लिखा है," तो म्हणाला आणि त्यानं फाईलमधली झेरॉक्स आमच्याकडे फिरवली.

ती ह्यांच्या हातची होती. वळणदार अक्षर, खाली सही. पाहुण्या बाई कुठं राहतील? धार. कोणत्या गावी फिरतील? धार. तीन गावांची नावं लिहायला जागा होती. दोन ओळींवर ह्यांनी सुंदर तिरकी रेघ मारली होती.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "अक्का धारला नाही?" त्यांनी विचारलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? तीस वर्षं पत्रं धारच्या पत्त्यावर गेली. त्यांच्या घरी लहान पोरालाही ठाऊक, अक्का धारला दिली.

मी ह्यांना कचेरीबाहेर चिंचेखाली गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "अहो, देवास लिहायला हात मोडला होता का?"

"तसं नाही गं, आपलं मूळ गाव म्हणून..."

"मूळ गाव! मावशी तुमच्या मुळाला भेटायला आल्यात की बहिणीला? तिकडं आई पडून आहे, जन्माची आशा लावून, आणि तुम्ही पागेतल्या घोड्यांची अब्रू सांभाळताय! तुम्हाला ताश्कंद कुठं आहे ते माहीत, घर कुठं आहे ते माहीत नाही?"

"ह्यात अमेरिकेचंही राजकारण आहे," ते हळूच म्हणाले. "पूर्वी इतकं कडक..."

मी हातातली पिशवी खाली आपटली. यशवंतराव मधे पडले म्हणून, नाहीतर त्या दिवशी धारला आणखी एक लढाई झाली असती.

दोन दिवसांत अर्ज केला, देवासचं नाव वाढवून द्या म्हणून. धारहून तो भोपाळला जाणार, भोपाळहून दिल्लीला. अकरा तारखेला अर्ज गेला. तेरा तारखेला दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. टीव्हीवर गोळ्यांचे आवाज, माणसं मेली. करणाऱ्यांना फाशी द्या, माझी ना नाही. पण त्यानंतर त्या अर्जाला कोण हात लावतो? बाबू म्हणाला, "बहनजी, अब तो भगवान की भी अर्ज़ी लेकर आओगी तो फाइल नहीं खुलेगी."

मग आम्ही उलटं करून बघितलं. मावशी येत नाहीत तर अक्कांना न्यायचं. एक गाडी ठरवली, मागची सीट काढून गादी घातली. डॉक्टर नको म्हणाले, तरी. रस्त्याचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, त्या वर्षी आमच्याकडे खड्ड्यात रस्ता शोधावा लागायचा. क्षिप्रेच्या पुलापर्यंत पोचलो. अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता, तो रक्तानं लाल झालेला मला दिसला. मी गाडी वळवायला लावली. अजून पाऊणशे किलोमीटर होते.

एकवीस तारखेला सरकारनं जाहीर केलं. एक जानेवारीपासून आगगाडी बंद, बस बंद. तिकडून आपला राजदूत परत बोलावला, सरहद्दीवर रणगाडे निघाले. त्यांनीही तेच केलं. अमेरिकेचा माणूस दिल्लीला येतो, मग इस्लामाबादेला जातो, दोन्हीकडे हात मिळवतो. माझे आजोबा सांगायचे, देवासात एकाच रस्त्याच्या अलीकडे थोरल्या पातीचं राज्य आणि पलीकडे धाकट्या पातीचं. दोन राजे, दोन दरबार, दिवा कोणी लावायचा ह्यावरून भांडण. आणि भांडण मिटवायला दोघांनीही जायचं कुठं, तर इंदुरात बसलेल्या गोऱ्या साहेबाकडे. साहेब दोघांनाही खुर्ची देई आणि दोघांनाही ताटकळत ठेवी. आजोबा हे हसून सांगायचे. मला तेव्हा हसू यायचं.

त्या रविवारी ओट्यावर बैठक भरली. तुकोजीराव आले, बसले, म्हणाले, "बहुत सही किया, भिया. सब बंद कर दो."

मी चहा न घेताच बाहेर गेले. म्हटलं, "तुकोजी भिया, बंद कोणासाठी झालं सांगा. सेनापती काय आगगाडीनं जातात? तुमचे मंत्री जातात? त्या गाडीत बसतात म्हाताऱ्या. बकुळामावशी बसते. मारलं कोणी, आणि शिक्षा कोणाला? माझ्या सासूचं काय चुकलं ते मला कोणीतरी सांगा, मग खुशाल लाहोर घ्या!"

तुकोजीरावांनी चपला घातल्या. जाता जाता दाराशी थांबले आणि अक्कांच्या खोलीकडे बघून म्हणाले, "भाभीजी, दिल्ली की गाड़ी तो देवास होके ही जाती है."

इंदूरहून दिल्लीला जाणारी गाडी देवास स्टेशनात दोन मिनिटं थांबते. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट. आम्ही पंधरा दिवस भोपाळ-दिल्लीकडे डोळे लावून बसलो होतो आणि ती आमच्या घरापासून दीड किलोमीटरवरून रोज जात होती.

सत्तावीस तारखेचं तिकीट काढलं. मावशींच्या सोबत दिल्लीपर्यंत हे जाणार होते. दिवस असे तापलेले की पोलिसांनी उज्जैनपर्यंत एक हवालदारही सोबत दिला, बाई मधे उतरायला नकोत म्हणून. मी देवासला अक्कांजवळ. डबा एस-पाच. हमालानं सांगितलं, एस-पाच पाण्याच्या नळापाशी येतो. अक्कांना पाटीवर लिहून दाखवलं, बकुळा गाडीत, दोन मिनिटं. त्यांनी ती पेटीतली साडी मागितली. नेसवता आली नाही, अंगावरून घातली.

दुपारी तुकोजीराव पाच जणांना घेऊन आले. आल्याआल्या त्यांनी बाजेचा पाय धरला. बाज खांद्यावर घेऊन ते स्टेशनपर्यंत चालत गेले, हादरा बसू नये म्हणून पावलं मोजून. रस्त्यात एकदोघांनी हात जोडले. त्यांना काय वाटलं ते मला कळलं, पण अक्कांनी मान वळवून बघितलं तेव्हा ते ओशाळले.

गाडी आली. नळापाशी एस-अकरा. डबे उलटे लागले होते. मेल्यांनो, त्याच दिवशी? "पुढं, पुढं!" मी ओरडत सुटले. पाच जण बाज घेऊन जवळजवळ धावत होते आणि अक्कांनी दोन्ही हातांनी बाजेच्या कडा धरल्या होत्या. एस-पाच सापडला तेव्हा अर्धा वेळ गेला होता. दारात मावशी उभ्या, मागे हे, आणि दार अडवून हवालदार.

"अम्माजी, नीचे नहीं. पैर नीचे नहीं रखना," हवालदार म्हणत होता. ओरडत नव्हता, विनवत होता. त्याच्याही नोकरीचा प्रश्न.

देवासचा प्लॅटफॉर्म खाली, गाडीचं दार वर. अक्का खाली पडलेल्या, त्यांना मावशीची पावलं तेवढी दिसत असणार. तुकोजीराव म्हणाले, "उठाओ." पाचही जणांनी बाज डोक्यावर उचलली, दाराच्या उंचीला. आता दोघींची तोंडं समोरासमोर आली. पंचावन्न वर्षांनी. मावशींनी चष्मा काढला, परत घातला. त्यांनी अक्कांच्या गालाला हात लावला, आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

गाडी हलली. बाज खाली माणसांच्या हातांवर, गाडी पुढं. मावशींचा हात अक्कांच्या गालावरून कानावर, कानावरून केसांवर सरकला. तुकोजीराव बाजेसकट गाडीबरोबर चालायला लागले. "छोड़ दो अम्माजी, गिर जाओगी!" हवालदार ओरडला. मला पुढचं बघवेना. मी डोळे मिटून देवीला शिव्या दिल्या, खरंच दिल्या.

आणि खाडकन धक्का बसून गाडी थांबली. साखळी ओढली होती कोणीतरी.

मी डोळे उघडले. मावशी दारात बसल्या होत्या, पाय आत दुमडून, पायरीला सुद्धा न लावता. त्यांनी अक्कांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. गळा काढून रडत नव्हत्या. भांडत होत्या.

"मला उठवलं का नाहीस गं, अक्के?"

अक्कांना तर ऐकू येत नव्हतं. मी पाटी शोधायला लागले, पाटी घरी राहिलेली. पण त्यांनी मावशीच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोनदा हाक मारली. हळू मारली. तू हसत होतीस झोपेत."

मग त्या दोघी काय बोलल्या ते मी सांगणार नाही, ते माझं नाही. अकरा मिनिटं गाडी उभी होती. घड्याळ मी बघितलं, कारण मला कोणाला तरी ते सांगायचं होतं. पंचावन्न वर्षांचं अकरा मिनिटांत उरकलं, आणि तेही चोरून. त्यानंतर अक्का चाळीस दिवस होत्या. ती सरहद्दीची गाडी पुन्हा सुरू झाली ती दोन वर्षांनी, हारतुरे घालून, आणि सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले. मी टीव्ही बंद केला.

पण त्या दिवशीचं सांगते. गार्ड आला, मागे रेल्वेचा पोलीस, दोघंही तापलेले. "किसने खींची? किसने खींची चेन?" प्रवासी एकमेकांकडे बघायला लागले. हवालदार एकदम पलीकडच्या खिडकीतून बाहेर शेतं बघायला लागला.

मला वाटलं, एखादा तरणा पोरगा असेल. तर मावशीच्या मागून आमचे हे पुढं आले. ज्या माणसानं आयुष्यात कधी सायकल उलट्या बाजूनं चालवली नाही, तो माणूस. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"मैंने," ते म्हणाले.

पोलिसानं वही काढली. "नाम?"

"जगदेवराव."

"कहां के हो?"

पंचवीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला आहे आणि पंचवीस वर्षं त्याचं उत्तर. लग्नात, बारशात, गाडीत, दवाखान्यात. मी मान फिरवली. आता ऐकायची ताकद नव्हती.

"देवास," ते म्हणाले. पोलीस लिहीत होता, तरी त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं. "लिखो, देवास."

मला हुंदका फुटला, आणि त्याच हुंदक्यात असा संताप आला की माझा मलाच आवरेना.

"अहो, मग ऑगस्टात काय झालं होतं?" मी खालून ओरडले. "ऑगस्टात हे लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले आणि गाडी सुटली.